२०५० चं पुणे आणि गिरणीतली वही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंहगड रस्त्याच्या आमच्या भागात गेली दोन वर्षं एक वही फिरतेय. पाच सोसायट्या, दोन जुन्या चाळी आणि कॅनॉलच्या कडेची वस्ती असे सगळे मिळून, पुढची पंचवीस वर्षं या शहरात कसं राहायचं याचा मसुदा त्या वहीत लिहितोय. बैठकीत, लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी तेच तेच प्रश्न येतात. उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

हे नक्की आहे काय? जाहीरनामा?

नाही. दोनशे पानी, रेघांची साधी वही आहे. डाव्या पानावर ‘काय हवं’ आणि उजव्या पानावर ‘त्यासाठी मी काय सोडेन’.

पहिल्या महिन्यात डावी पानं भराभर भरली. टेकड्या वाचल्या पाहिजेत, नदी स्वच्छ हवी, म्हाताऱ्यांना चालता आलं पाहिजे, मुलांना खेळायला जागा हवी. हस्ताक्षरं वेगवेगळी, वाक्यं तीच. उजवी पानं कोरीच. मग एका निवृत्त मास्तरांनी आठवण करून दिली की ही सगळी आपली मूल्यं खरी, पण आपल्या भाषेत मूल्य म्हणजे किंमतसुद्धा. वस्तूवर छापलेलं असतं तेही मूल्यच. तेव्हापासून नियम झाला: उजव्या पानावर नाव आणि तारीख पडल्याशिवाय डाव्या पानावरची ओळ मसुद्यात धरायची नाही. ‘टेकड्या वाचल्या पाहिजेत’ ही ओळ अकरा जणांनी लिहिली होती. तिच्यासमोर पहिली नोंद एका मुलीची आली, ‘सकाळी तळजाईला फिरायला जाताना वरपर्यंत गाडी नेणार नाही, पायथ्यापासून चालेन.’ छोटीशीच गोष्ट आहे, पण त्या पानावर अजून तिच्यापेक्षा मोठी नोंद झालेली नाही.

शहराचं भविष्य ठरवणं हे महापालिकेचं काम. कर भरतो ना आम्ही?

भरता, आणि भरत राहा. जलवाहिन्या, सांडपाण्याचे प्रकल्प, बस ही कामं वहीतून होत नाहीत, आणि ‘नागरिकांनीच पुढाकार घ्यावा’ म्हणून कोणी हात झटकत असेल तर आम्ही आधी त्याच्याशी भांडतो.

पण नुसत्या आराखड्यावर विसंबून राहिल्याचं काय होतं तेही पुण्याने पाहिलंय. जुन्या हद्दीचा विकास आराखडा २००७ ते २०२७ या काळासाठी होता. २०१३ मध्ये तो हरकती-सूचनांसाठी जाहीर झाला. लोकांनी गठ्ठेच्या गठ्ठे नेऊन दिले, आमच्या घरातूनही दोन अर्ज गेले. २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आपल्या ताब्यात घेतला आणि मंजुरी मिळाली २०१७ च्या जानेवारीत. वीस वर्षांचा आराखडा, त्यातली दहा वर्षं कागदावरच गेली. मधल्या काळात कोणी घर बांधायचं थांबलं नाही, कोणी ओढ्यात भराव टाकायचाही थांबला नाही.

पुढे मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार चालला. त्या दिवसांत आमच्या चौकातल्या तुंबलेल्या चेंबरसाठी मी एका कार्यालयात सहा खेपा घातल्या. सहाव्या खेपेला साहेबांनी खरंच आपुलकीने विचारलं, ‘मॅडम, तुमच्याकडे कोणी नगरसेवक नाहीत का?’

पाण्याचीच पानं एवढी का?

कारण भांडणं तिथेच झाली.

पुण्याला पाणी देणारी चार धरणं, खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चारही काठोकाठ भरली की २९.१५ टीएमसी, म्हणजे तेवढे अब्ज घनफूट पाणी. जुलैमध्ये आपण रोज सकाळी पेपरात हा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा बघतो. त्यातलं पाणी फक्त आपलं नाही, हे मात्र विसरतो. आमच्या वस्तीला खेटून जाणारा मुठा उजवा कालवा पुढे दौंड-इंदापूरच्या शेतापर्यंत जातो. आपण इथे जास्त उचललं की तिकडचं आवर्तन, म्हणजे शेतीला पाणी सोडायची पाळी, लांबते. बैठकीत एक काका तावातावाने म्हणाले, ‘पुण्याचं पाणी पुण्यालाच.’ त्यांच्या शेजारी बसलेल्या दूधवाल्याचं गाव दौंड तालुक्यात. तो शांतपणे म्हणाला, ‘मग दूध पण तुमचंच काढा.’ त्या दिवशीची बैठक तिथेच संपली.

शहरी पाणीपुरवठ्याचा सर्वसाधारण निकष माणशी रोज १३५ लिटरचा आहे. चौघांच्या घराला ५४० लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर साधारण अठरा घरांना एक दिवस पुरतो. आता आमच्याच एका इमारतीचं दृश्य सांगते. पहाटे मोटर सुरू होते, वरची टाकी भरते आणि ओव्हरफ्लोचं पाणी पाइपातून भिंतीवर सांडत राहतं. वॉचमन झोपेत. भिंतीपलीकडे वस्तीतल्या दोन बायका हंडे घेऊन सार्वजनिक नळाला पाणी यायची वाट बघत उभ्या. त्यांना तो आवाज ऐकू येतो. त्यातल्या एकीने वहीत डाव्या पानावर इतकंच लिहिलं होतं: ‘पहाटेचा पाण्याचा आवाज बंद व्हावा.’ आम्हाला आठवडाभर कळलंच नाही की हे काय आहे.

आता पाचही इमारतींत टाकीला, ती भरली की पाणी बंद करणारा फ्लोट बसवलाय. उजव्या पानावर पाच सेक्रेटरींच्या सह्या आहेत. घरोघरी मीटर बसवायला विरोध करणार नाही, अशीही एक नोंद आहे. तिच्यावर सह्या कमी आहेत, खोटं कशाला बोलू.

जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतलं बळ घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले आणि पाणी उकळून प्या अशा सूचना आल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट ठरली. सोसायटीच्या बोअरचं किंवा टाकीचं पाणी तपासलं की अहवाल नोटीस बोर्डावर लावायचा, खराब आला तरी. फ्लॅटचा भाव पडेल या भीतीने तो कपाटात ठेवायचा नाही.

पाण्याच्या वाटपाचा प्रश्न या शहराला नवा नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ आणून पेठांमधले हौद भरले, पण त्या पाण्याला सगळ्यांचे हात लागत नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. उजवं पान म्हणतात ते हेच.

पूर येतो धरणातून पाणी सोडल्यामुळे. त्यात आम्ही काय करणार?

नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली गेला की पुण्यात पावसाळा अधिकृतपणे सुरू होतो, इथपर्यंत गंमत ठीक आहे. २५ जुलै २०२४ ला नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा गंमत नव्हती. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जे केलं, त्याचा तर धरणाशी संबंधच नव्हता. ढगफुटीसारखा पाऊस आणि अरुंद झालेला ओढा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते माझ्या सासूबाईंनी पाहिलेलं. त्या अजूनही घर बघताना आधी विचारतात, ‘नदी किती लांब?’

तोच प्रश्न आम्ही वहीत घेतला. नदीला दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर विकताना किंवा भाड्याने देताना ते कुठल्या रेषेच्या आत आहे हे आधी सांगायचं, अशी ओळ आहे. तिच्यासमोर एका इस्टेट एजंटाने सही केली. माझ्या मते आख्ख्या वहीतली सगळ्यात महागडी सही ती आहे. गेल्या वर्षी त्याचे दोन व्यवहार त्यामुळे मोडले. त्याने ते स्वतःहून येऊन सांगितलं, थोडं चिडून.

वस्तीतल्या लोकांना यात खरंच विचारता, की नावापुरतं?

सुरुवातीला नावापुरतंच. आमची चूक होती, लिहून ठेवते. पहिल्या तीन बैठका रविवारी सकाळी अकराला एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये घेतल्या. वस्तीतून एकच मावशी आल्या. गेटवर वॉचमनने त्यांच्यापुढे रजिस्टर सरकवलं: नाव, वेळ, कोणाकडे. मावशी पाच घरी काम करतात, त्यामुळे ‘कोणाकडे’ या रकान्याची त्यांना सवय होती. त्यांनी तिथे लिहिलं, ‘बैठकीकडे’. आत येऊन त्यांनी ते हसत सांगितलं. आम्ही कोणी हसलो नाही.

रविवारी अकरा ही त्यांच्या दुसऱ्या घरच्या भांड्यांची वेळ. आता बैठक रात्री साडेआठला वस्तीतल्या समाजमंदिरात होते. सोसायटीवाल्यांना गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे चालत यावं लागतं. हेही उजव्या पानावरच धरा.

मी मूळचा पुण्याचा नाही, भाड्याने राहतो. मला मत आहे का?

आहे. आमच्यातही मूळचं कोण आहे? पानशेतनंतर पेठांतली माणसं गोखलेनगर, लोकमान्यनगरात गेली. १९९७ मध्ये तेवीस गावं हद्दीत आली, २०१७ मध्ये अकरा, २०२१ मध्ये आणखी तेवीस. धायरीच्या आजींना तर घर न बदलता पुणेकर व्हावं लागलं, त्यांना कोणी विचारलंही नाही. या घडीला इथल्या नळाचं पाणी पिताय ना? मग लिहा. हिंदीत लिहिलं तरी चालतं, वहीत चार नोंदी तशा आहेत.

टेकड्यांवर घर नको म्हणणं सोपं आहे. ज्यांची तिथे जमीन आहे त्यांचं काय?

बरोबर बोललात, आणि या प्रश्नाचं गुळगुळीत उत्तर माझ्याकडे नाही. १९९७ ला आलेल्या गावांमधल्या टेकड्यांवर बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, सुमारे ९७८ हेक्टर. त्यातली बरीच जमीन खासगी मालकीची. मालक म्हणतात, तुमच्या हिरवळीची किंमत आमच्या सातबाऱ्यावरून का वसूल करता? मोबदला किती आणि कसा यावर वर्षानुवर्षं घोळ चाललाय.

आमच्या बैठकीला अशी जमीन असलेलं एक कुटुंब येतं. त्यांनी विचारलं, ‘तुम्ही रोज टेकडीवर मोकळी हवा खाता. मोबदल्यासाठी मिळकतकर थोडा वाढला तर द्याल?’ सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. शेवटी नऊ जणांनी हो लिहिलं. वेताळ टेकडीसाठी मोर्च्यात चालणारे त्याहून कितीतरी जास्त होते, मीही होते. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी ठेवलेत.

कचऱ्याचं तर आता मार्गी लागलं ना? रोज गाडी येते.

गाडी येते, कचरा जातो, पण कुठे जातो? वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जात राहिला. तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या की मगच पुण्याला आठवण व्हायची की कचरा नावाची काही गोष्ट असते. आपली घाण दुसऱ्याच्या गावात टाकायची नाही, ही ओळ वहीत आहे. तिची किंमत म्हणजे ओला कचरा आपल्याच आवारात जिरवणं, आणि त्याचा वास दोन महिने सहन करणं. जमलं की वास येत नाही. जमेपर्यंत येतो. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी पहिल्या आठवड्यातच तक्रार केली होती.

पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. म्हणजे घरोघरी येणाऱ्या ताई या कामाच्या मालकही आहेत. त्यांनी आमच्याकडून एकच गोष्ट मागितली, लाल ठिपका. सॅनिटरी पॅड किंवा डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे तो पुडा उघडून बघावा लागत नाही. आमच्या जिन्यात आता खिळ्याला लाल स्केचपेन टांगलेलं आहे. एका आजोबांनी त्याच्यावर आक्षेप घेतला, जिन्यात असलं काही दिसू नये म्हणून. त्यांच्या सुनेने त्यांना काय सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या दिवसापासून पेनाची शाई संपली की तेच नवं आणून ठेवतात.

फुटपाथवर फेरीवाले आहेत, त्यांना आधी हटवा की.

ही ओळ आठ जणांनी लिहिली. त्या आठांपैकी पाचांची दुचाकी फुटपाथवर असते. आणि सहावी मी. कित्येक वर्षं माझी स्कूटर औषधाच्या दुकानासमोर, फुटपाथवर चढायच्या उताराच्या बरोब्बर तोंडाशी उभी असायची, ‘दोनच मिनिटं’ म्हणून. एके दिवशी व्हीलचेअरवरच्या एका बाईंना त्यामुळे रस्त्यावर उतरावं लागलं आणि मागून पीएमपीची बस आली. काही झालं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी त्यांना सवय होती.

पुणे महापालिकेचं २०१६ पासून लिखित पादचारी धोरण आहे. २०२१ पासून डिसेंबरात लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही साजरा होतो. वर्षातला एक. उरलेल्या दिवसांची जबाबदारी स्कूटरवाल्यांची. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यांना हटवायचं की जागा नेमून द्यायची हे तिथे ठरतं. आपल्या स्कूटरला तसलं कुठलंच संरक्षण नाही, ते आधी बघू.

गणपतीतल्या आवाजाबद्दल काही लिहिलंय का? की घाबरलात?

थोडे घाबरलोच होतो. पण दोन मंडळांची पोरं स्वतःच आली. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, हे ऐकून ती जोरात हसली. त्यांच्या मते नुसतं ढोलाचं पथक त्याच्या दुप्पट जातं. तरी एका मंडळाने स्पीकरच्या भिंतीला रामराम ठोकला, उरलेल्या वर्गणीतून अभ्यासिकेचं भाडं भरतात. दुसऱ्याने काही सोडलं नाही. नोंद कोरी आहे.

वचन मोडलं तर शिक्षा काय?

काही नाही. मोडलं की ज्याने दिलं त्यानेच पेन्सिलने ‘मोडलं’ असं लिहायचं, तारखेसह. पेन्सिलने यासाठी की पुन्हा पाळायला लागला तर खोडता यावं. माझ्या नावापुढे एकदा लिहून झालंय.

‘शिक्षेशिवाय कोण पाळतं?’ असं विचारणाऱ्यांना मी पालखीचं उदाहरण देते. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामी असते. त्या दोन दिवसांत लाखो माणसं शहरात येतात आणि कोणी उपाशी झोपत नाही. त्यासाठी कुठल्याही कागदावर कोणाची सही नसते. पण कुठल्या चौकात कोण पोहे देतो, कोणत्या शाळेत कोणती दिंडी उतरते, वारकऱ्यांच्या पायांना तेल कोण लावतो हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. जागा, माणूस, तिथी, सगळं पक्कं. एखाद्या वर्षी पोह्यांची पातेली दिसली नाहीत, तर लोक विचारतात, ‘काय हो, घरी सगळं ठीक ना?’ आम्हाला वहीतल्या नोंदी तिथवर न्यायच्या आहेत.

तुम्ही कुठल्या पक्षाचे?

विचारून दमाल. वहीत सगळ्या पक्षांची अक्षरं आहेत.

या वहीला कायद्याने काही वजन आहे का?

वहीला नाही. पण तिच्यातून निघालेले अर्ज योग्य दारात नेले तर त्यांना आहे. चार दारं आम्ही स्वतः वाजवली आहेत. महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी २००६ पासून नागरिकांकडून कामं मागवली जातात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो. बाक, दिवे, फुटपाथची डागडुजी अशी लहान कामं त्यातून होतात, पण मुदत चुकली की वर्ष गेलं. झाड तोडायचं असेल तर झाडावरच नोटीस लावावी लागते आणि हरकतीसाठी सात दिवस असतात. म्हणून सोसायटीतल्या मुलांना आम्ही नोटीस वाचायचं काम दिलंय, त्यांची नजर तीक्ष्ण. दर वर्षी ३१ जुलैपर्यंत महापालिकेला पर्यावरण सद्यस्थिती अहवाल मांडावा लागतो, तो वाचा. कंटाळवाणा आहे, पण नदीचं पान आधी काढा. आणि आराखडा कुठलाही असो, हरकती-सूचना एकगठ्ठा छापील देऊ नका, प्रत्येकाने आपल्या शब्दांत द्या.

२०५० मध्ये मी नसणार. मग मी का सही करू?

आमच्याकडे सर्वात जास्त सह्या सत्तरीच्या पुढच्यांच्याच आहेत. त्यांना सोडायला सोपं जातं, असं त्यांचंच म्हणणं. एका आजोबांनी आपली बंद पडलेली मारुती विकली आणि मोकळी झालेली पार्किंगची जागा मुलांना कॅरम खेळायला दिली. चेअरमननी नियमावर बोट ठेवलं, वाद झाला, कॅरम अजून चालू आहे.

वही बघायला कुठे मिळेल?

चौकातल्या पिठाच्या गिरणीत. सोसायटीवाले आणि वस्तीवाले दोघंही दळण घेऊन येतात अशी आमच्या भागात तीच एक जागा उरलीय. सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी पाच ते आठ. सोमवारी बंद. वहीवर पीठ बसलेलं असतं, झटकून उघडा. पेन सुतळीने बांधलेलं आहे. त्याआधीची दोन गेली, म्हणून आता गाठ गिरणीवाल्याने स्वतः मारलीय.